घसारा आणि सराव

‘घसारा’ आणि ‘सराव’ हे दोन शब्द मराठीत सहसा एकमेकांच्या शेजारी बसत नाहीत. पहिला हिशेबनिसाच्या वहीतला. दुसरा तालमीतला, रियाजाच्या खोलीतला, फार तर शाळेच्या ‘सराव परीक्षे’तला. तरीही दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आवृत्ती. एखादी क्रिया शेकडो वेळा केली की ज्या यंत्रावर ती केली ते यंत्र झिजते आणि ज्या हाताने ती केली तो हात तयार होतो. एकाच कृतीचे हे दोन परिणाम एकाच वेळी घडत असतात. संस्थांच्या नोंदवहीत मात्र पहिल्या परिणामासाठी रकाना असतो, दुसऱ्यासाठी नसतो. हा नसलेला रकाना कोणाच्या खर्चाने भरला जातो, हा प्रश्न गेली दोन वर्षे आमच्या मनात घोळतो आहे आणि त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

आम्ही दोघे एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. हिशेबशास्त्राशी आमचा संबंध पगारपत्रकावर सही करण्यापुरता. पण महाविद्यालयात साठा पडताळणीची समिती दर वर्षी नेमावी लागते आणि वाणिज्य विभागातील मंडळी परीक्षेच्या कामात अडकलेली असल्याने ती माळ आमच्या गळ्यात पडली. काम वरकरणी सोपे होते. डेडस्टॉक रजिस्टरमधील प्रत्येक वस्तू जागेवर आहे की नाही पाहणे, मोडकळीस आलेल्या वस्तूंच्या निर्लेखनाची शिफारस करणे, आणि ज्या वस्तू बदलाव्या लागतील त्यांचा प्रतिस्थापन-खर्च, म्हणजे आज ती वस्तू नव्याने घ्यायची तर किती पैसे पडतील तो आकडा, अंदाजपत्रकासाठी काढून देणे. या शेवटच्या कलमाने आम्हांला वाचायला लावले.

वस्तूला एक किंमत असते, असे आपण बोलण्यात सहज म्हणतो. रजिस्टरमध्ये तिला तीन असतात. जी देऊन ती विकत घेतली ती खरेदी-किंमत. त्यातून वर्षावर्षाचा घसारा वजा करून उरते ती पुस्तकी किंमत. आणि आज तिची जागा भरून काढायला लागेल ती प्रतिस्थापन-किंमत. पहिली इतिहासात कायमची गोठलेली असते. दुसरी दर वर्षी उतरत जाते. तिसरी बहुधा चढत जाते. वीस वर्षे जुन्या लोखंडी कपाटाची पुस्तकी किंमत एक रुपया असू शकते. पण म्हणून ते एक रुपयात परत मिळत नाही. ज्या संस्था पुस्तकी किमतीकडे पाहून निश्चिंत राहतात, त्यांच्यावर एके दिवशी सगळे कपाट, सगळी बाके आणि सगळे संगणक एकदम बदलण्याची वेळ येते आणि मग निधी नसतो.

तिसरी किंमत काढण्याची रीत आम्हांला वाणिज्य विभागाच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समजावून दिली. बाजारातून दरपत्रके मागवता आली तर उत्तमच. पण शेकडो वस्तूंची दरपत्रके मागवणे शक्य नसते, तेव्हा किंमत-निर्देशांकाचा आधार घेतात. जुन्या किमतीला आजच्या निर्देशांकाने गुणायचे आणि खरेदीच्या वर्षीच्या निर्देशांकाने भागायचे. समजा एक यंत्र ४०,००० रुपयांना घेतले तेव्हा त्या जातीच्या यंत्रांचा निर्देशांक १२० होता आणि आज तो ३०० आहे. तर आजचा अंदाज १,००,००० रुपये. अमेरिकेत कारखान्यांतील यंत्रसामग्रीसाठी असे निर्देशांक फार पूर्वीपासून ठेवले जातात. ‘मार्शल अँड स्विफ्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष तर १९२६ होते.

यंत्र तेवढ्याच क्षमतेचे घ्यायचे नसेल तर आणखी एक पायरी असते. क्षमता दुप्पट झाली म्हणून किंमत दुप्पट होत नाही. रासायनिक कारखान्यांच्या अभियंत्यांनी १९४० च्या दशकात अनुभवावरून एक ठोकताळा बसवला: क्षमतांच्या गुणोत्तराचा ०.६ वा घात घ्यावा. त्यानुसार दुप्पट क्षमतेचे यंत्र सुमारे दीडपट किमतीला पडते. वरच्या उदाहरणात दीडपट क्षमतेचे यंत्र घ्यायचे ठरवले तर अंदाज १,५०,००० वर न जाता १,२७,५०० च्या आसपास थांबतो. टाकी दुप्पट पाणी मावेल एवढी केली तरी तिला लागणारा पत्रा दुप्पट लागत नाही, हे त्यामागचे साधे भौमितिक कारण. अर्थात हा अंदाज आहे; दरपत्रक हाती येताच त्याने बाजूला व्हावे, हेच त्याचे काम.

येथवर सारे ठीक चालले होते. अडचण आली ती ‘तीच वस्तू’ या शब्दांपाशी. कार्यालयाच्या मागच्या खोलीत मराठी टंकलेखन यंत्र होते. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि २००९ मध्ये त्यांचे उत्पादन बंद केले. तेव्हा ‘तीच वस्तू’ आज कोणत्याच किमतीला नवी मिळत नाही. मग प्रतिस्थापन कशाचे करायचे? सहकाऱ्यांचे उत्तर असे की वस्तू बदलायची नसते, वस्तू जे काम करीत होती ते काम बदलून घ्यायचे असते. हे ऐकून आम्हांला आमच्याच घरात आल्यासारखे वाटले. भाषांतर शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगतो: मूळ शब्दाची जागा घेणारा शब्द कोशात असेलच असे नाही, त्या वाक्यात तो शब्द जे करतो ते करणारे काहीतरी शोधा. आणि भाषांतरात जे घडते तेच येथेही घडते. काम नव्या वस्तूकडे जाते, पण जुन्या वस्तूभोवती जमलेले सारे काही त्याबरोबर जात नाही.

टंकलेखन यंत्र केव्हाच निवृत्त झाले होते. त्याचे काम एका संगणकाकडे गेले होते, आणि आता तो संगणक बदलायचा होता. त्यावर एक जुनी मराठी लेखनप्रणाली चालत असे. तिला एक छोटे हार्डवेअर-कुलूप लावावे लागे आणि ते कुलूप नव्या संगणकावर ओळखले जात नसे. त्या प्रणालीतील अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्याने दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन चिन्हांचा चिवडा दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःची जागा आहे, तेव्हा संगणक बदलताना युनिकोड स्वीकारणे ओघानेच आले. संगणकाचे दरपत्रक मिळाले, तुलनात्मक तक्ता झाला, रकाना भरला. समितीच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

पण त्या संगणकापुढे एक बाई बसत असत. त्यांनी टंकलेखनाची प्रमाणपत्रे यांत्रिक टंकावर मिळवली होती आणि जुन्या प्रणालीतही कळांची मांडणी तीच ठेवली होती. त्या मांडणीत अक्षर जसे दिसते तसे ते टंकले जाते. ‘कि’ लिहायचे तर आधी वेलांटी, मग ‘क’. ‘तर्क’ लिहायचे तर त, क आणि शेवटी वरचा रफार. आम्ही नव्या संगणकावर इन्स्क्रिप्ट मांडणी सुचवली. तीत अक्षर जसे उच्चारतो तसे ते टंकायचे असते: आधी ‘क’, मग वेलांटी, ‘तर्क’मध्ये त, मग र, हलन्त आणि मग क. एक मांडणी डोळ्याची आहे, दुसरी कानाची. लिपिशास्त्राच्या तासाला हा फरक सांगताना आम्हांला केवढा आनंद होई! बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितले, “सर, डोक्याला कळतंय हो, पण बोटं आधी वेलांटीकडेच जातात.”

मराठीत ‘हात बसणे’ असा एक सुंदर वाक्प्रचार आहे. हात कामावर बसतो, काम अंगवळणी पडते, माणूस रुळतो. हे सारे शब्दप्रयोग देहाचे आहेत, डोक्याचे नाहीत. बसलेला हात उठवून दुसरीकडे बसवायचा तर किती वेळ लागतो, याचा काही हिशेब करता येतो का, असे आम्ही सहकाऱ्यांना विचारले. त्यांनी जे वाचायला दिले ते विमानांविषयी होते.

थिओडोर पॉल राइट हे अमेरिकेतील कर्टिस-राइट कंपनीत काम करणारे विमान-अभियंते. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंशी त्यांचे नाते नाही. मात्र जनुकशास्त्रज्ञ सूअल राइट हे त्यांचे सख्खे भाऊ. १९३६ मध्ये त्यांनी विमानांच्या उत्पादनखर्चावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या लक्षात आले होते की एकाच प्रकारची विमाने एकामागून एक बांधत गेले की प्रत्येकास लागणारे मनुष्यबळाचे तास घटत जातात, आणि ही घट बेशिस्त नसते. एकूण संख्या जेव्हा जेव्हा दुप्पट होते, तेव्हा तेव्हा दर विमानामागचे सरासरी तास आधीच्या ८० टक्क्यांवर येतात. राइट यांनी हा नियम सरासरीविषयी मांडला. पुढे तो त्या-त्या क्रमांकाच्या नगाला लागणाऱ्या वेळेसाठीही वापरला जाऊ लागला, आणि समजायला तो प्रकार सोपा आहे. पहिल्या नगाला १०० तास लागले तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला सुमारे ५१, सोळाव्याला ४१. यालाच अध्ययन-वक्र म्हणतात.

या सूत्रातील ‘दुप्पट’ हा शब्द सावकाश वाचावा लागतो. एकावरून दोनावर जायला एकच नग लागतो. हजारावरून दोन हजारांवर जायला हजार लागतात. नवशिक्या पहिल्या आठवड्यात झपाट्याने सुधारतो आणि मुरलेल्या कारागिराची तेवढीच सुधारणा व्हायला वर्षे जातात, हे आपण नित्य पाहतो. सूत्राने ते पाहणे आकड्यात धरले, इतकेच. आणि ८० हा आकडा काही सृष्टीचा नियम नाही. ज्या कामात हाताचा वाटा मोठा, तेथे वक्र अधिक उतरता. जेथे बहुतांश वेळ यंत्राचाच, तेथे तो जवळजवळ आडवा. कारण यंत्र शिकत नाही. यंत्र फक्त झिजते.

तथापि यंत्र तेच ठेवूनही उत्पादन वाढू शकते, याचे एक उदाहरण अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. स्वीडनमधील होर्नडाल येथील लोखंडाच्या कारखान्यात पंधरा वर्षे नवी भांडवली गुंतवणूक जवळजवळ झाली नाही. त्या काळात घसाऱ्याच्या हिशेबाने कारखाना दर वर्षी कमी मोलाचा होत होता. प्रत्यक्षात कामाच्या दर तासामागचे उत्पादन वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढत राहिले. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये ‘करता करता शिकणे’ या कल्पनेवर जो निबंध लिहिला, त्यात या कारखान्याचा दाखला आहे. पुस्तकी किंमत उतरत होती आणि जिची पुस्तकात नोंदच नव्हती अशी कोणतीतरी किंमत चढत होती.

आणि याच्या उलट टोकाचे उदाहरण फोर्डचे. मॉडेल टी ही मोटार १९०८ मध्ये ८५० डॉलरला विकली जात होती. १९२० च्या दशकाच्या मध्यास ती ३०० डॉलरच्या खाली आली. एकच मोटार, दीड कोटींहून अधिक वेळा. अध्ययन-वक्राचा याहून भव्य विजय क्वचितच दाखवता येईल. पण लोकांना दुसरी मोटार हवी झाली, तेव्हा मे १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि मॉडेल ए लोकांपुढे यायला डिसेंबर उजाडला. मधले महिने कारखाना नव्याने मांडण्यात गेले आणि तेथील हजारो कामगार त्या काळात बेकार होते. यंत्रे बदलण्याचा खर्च कंपनीच्या हिशेबात आला. कामगारांनी घरी बसून जो सोसला, तो कोणाच्याच हिशेबात आला नाही.

आता बाईंकडे वळू. आमच्या महाविद्यालयात निरनिराळ्या विभागांच्या चाळीसेक पानांच्या अभ्यासपुस्तिका त्या टंकून देतात. जुन्या संगणकावर एका पुस्तिकेला त्यांना आठ तास लागत. नव्या संगणकावर पहिलीला वीस लागले, दुसरीला सोळा. दोनच निरीक्षणांवरून वक्र ठरवणे धाडसाचे खरे, पण प्रमाण नेमके ८० टक्के निघाल्याने आम्ही तेच धरून पुढचे आकडे मांडले. चौथ्या पुस्तिकेला पावणेतेरा तास, आठवीला सव्वादहा, सोळावीला आठांच्या किंचित वर. अठराव्या पुस्तिकेपाशी नवा संगणक जुन्याच्या बरोबरीस येऊन किंचित पुढे जातो. पहिल्या सतरा पुस्तिकांना मिळून सुमारे १८६ तास. जुन्या गतीने त्याच सतरांना १३६ लागले असते. फरक ५० तासांचा. संगणकाच्या दरपत्रकात हे ५० तास नाहीत. निर्देशांकात नाहीत, ०.६ च्या घातातही नाहीत. पण नव्या यंत्राची जागा खऱ्या अर्थाने भरून यायची तर ते कोणीतरी दिलेच पाहिजेत. आणि ते कोण देत होते, हे संध्याकाळी साडेसहाला कार्यालयाच्या खिडकीत दिवा दिसे तेव्हा कळत होते.

जुनी कळमांडणी कायम ठेवून युनिकोडमध्ये टंकण्याची सोय उपलब्ध आहे. ती घेतली तर पहिल्या पुस्तिकेचे वीस तास बरेच खाली आले असते. कारण जुन्या अनुभवाचा मोठा हिस्सा नव्या वक्रावर बरोबर नेता येतो. आम्ही बाईंना तसे सुचवले. त्यांनी ते विचारपूर्वक नाकारले. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षे उरली होती आणि नंतर येणारी मुले इन्स्क्रिप्टच शिकून येतील, तेव्हा साऱ्या फायली, टिपणे आणि कळांचे तक्ते त्यांच्या उपयोगी पडावेत असे त्यांचे म्हणणे होते. ज्या खर्चाचा लाभ पुढच्यांना व्हायचा, तो खर्च त्या स्वतःच्या संध्याकाळीतून करीत होत्या.

मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात हे असे पूर्वीही झालेले आहे. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या देवनागरी खिळ्यांच्या सुबकपणाची ख्याती देशभर झाली. खिळा झिजे, अक्षराची कड जाई, मग ते शिसे, अँटिमनी आणि कथलाचे मिश्रण वितळवून पुन्हा नवा खिळा ओतीत. घसारा इतका प्रामाणिक क्वचितच असतो: झिजलेल्यातून नवे निघते. पण काना-मात्रा, जोडाक्षरे आणि अर्ध्या अक्षरांचे शेकडो खिळे कोणत्या घरात आहेत हे न पाहता जाणणारा जुळाऱ्याचा हात ओतून काढता येत नसे. तो वर्षानुवर्षे उभे राहूनच तयार होई. १९८० आणि १९९० च्या दशकांत अक्षरजुळणी संगणकावर गेली तेव्हा खिळे भंगारात वजनावर विकले गेले; शिशाला भाव होता. जुळाऱ्यांच्या हाताला त्या वजनकाट्यावर जागाच नव्हती. काही जण नव्या यंत्रावर पहिल्या क्रमांकापासून पुन्हा सुरुवात करू शकले, काहींना मुद्रितशोधनाने तारले, आणि अनेकांचे काम तेथेच संपले.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही अध्ययन-वक्राचे भक्त होऊन बसलो आहोत. आमच्या पेशात हे सूत्र फार सावधपणे हाताळावे लागते. उत्तरपत्रिका तपासताना त्याचा अनुभव दर सत्राला येतो. गठ्ठ्यातील पहिल्या उत्तरपत्रिकेला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्माही तिसाव्या-चाळिसावीला लागत नाही. यातील काही घट खरी शिकण्याची असते: प्रश्नाचे अपेक्षित मुद्दे मनात पक्के होतात, चुकीच्या वाटा ओळखीच्या होतात. पण काही घट निव्वळ कमी वाचण्याचीही असू शकते, आणि वक्राला हे दोन प्रकार वेगळे दिसत नाहीत. राइट यांच्या विमानांबाबत हा धोका मर्यादित होता, कारण बत्तिसाव्या विमानालाही पहिल्याइतकेच नीट उडावे लागे. उत्तरपत्रिकेला असे उड्डाण नाही. तिची परीक्षा झालीच तर पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चाने होते. म्हणून आम्ही दोघांनी पूर्वीपासून एक रीत ठेवली आहे: गठ्ठा संपला की पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा उत्तरपत्रिका एकमेकांशी बदलून घेऊन पुन्हा वाचायच्या. वेळ वाढतो, तो वाढायलाच हवा.

वाचनाचा वक्र तर उलटाच चालतो. मर्ढेकरांची एखादी कविता विद्यार्थी पहिल्यांदा दोन मिनिटांत वाचतो. दहाव्यांदा वाचताना त्याला पाऊण तास लागतो, आणि हा पाऊण तास म्हणजेच त्याचे शिकणे. आवृत्तीने वेळ कमी होतो तेथे कौशल्य वाढले असे कारखान्यात म्हणता येईल; साहित्याच्या वर्गात आवृत्तीने वेळ वाढला तर काहीतरी साधले असे म्हणावे लागते. दोन्ही ठिकाणी मोलाची गोष्ट एकच, ती म्हणजे साठत गेलेला अनुभव. तो मोजायला घड्याळ कधी सरळ वाचावे लागते, कधी उलटे.

आणि हा साठाच ज्यांच्याकडून दर जूनमध्ये काढून घेतला जातो, अशी माणसे आमच्याच पेशात शेकड्यांनी आहेत. तासिका तत्त्वावरील अध्यापकांची नेमणूक वर्षापुरती असते आणि मानधन वर्गात घेतलेल्या तासांचे असते. भाषाविज्ञानासारखी अभ्यासपत्रिका पहिल्यांदा शिकवताना एका तासिकेची तयारी करायला पाच तास सहज जातात. वरचाच वक्र लावला तर दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी साडेतीन, चौथ्या वर्षी तीनांच्या जरा वर. पण त्याच माणसाने तीच अभ्यासपत्रिका सलग शिकवली तरच. आमच्यापैकी एकाने सात वर्षे तासिका तत्त्वावर काढली. तीन महाविद्यालये झाली, आणि अभ्यासपत्रिका जवळजवळ दर वर्षी बदलली. म्हणजे सात वर्षांच्या अनुभवानंतरही क्रमांक वारंवार एकच: पहिला नग. पाच तासांच्या श्रमावर एका तासाचे मानधन हे गणित तात्पुरते नव्हते, तेच कायमचे होते. संस्था समजतात की माणूस बदलल्याने काही खर्च येत नाही, कारण मानधनाचा दर तोच राहतो. खर्च येतोच. तो नव्या माणसाच्या रात्रीत आणि विद्यार्थ्यांच्या पहिल्या सत्रात विभागला जातो, म्हणून दिसत नाही.

विसरण्याचाही वक्र असतो. हर्मान एबिंगहाउस यांनी, १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निरर्थक अक्षरसमूह पाठ करून, मग किती काळात किती विसरले, हे स्वतःवरच मोजले होते. विसरणे आरंभी वेगाने होते आणि पुढे मंदावते, असे त्यांना दिसले. जानेवारीत काम संपून पुढच्या सप्टेंबरात कोठेतरी नवी नेमणूक मिळणाऱ्या अध्यापकाला हा वक्र पुस्तकातून शिकावा लागत नाही.

समितीचा अहवाल देताना आम्ही संगणकाच्या ओळीपुढे, ‘शेरा’ या रकान्यात एक वाक्य घातले: नवीन प्रणालीच्या सरावासाठी संबंधित कर्मचाऱ्यास कार्यालयीन वेळेत सुमारे ५० तास देण्यात यावेत. बैठकीत अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला की हा आकडा आणला कोठून. आम्ही पुस्तिकांचा तक्ता पुढे ठेवला. वाणिज्य विभागाच्या सहकाऱ्यांनी त्याची बेरीज तपासली आणि मान डोलावली. थोडी घासाघीस झाली. शेवटी रोज एक तास याप्रमाणे ३० दिवस मंजूर झाले. त्या काळात आवक-जावक नोंदी दुसऱ्या लिपिकाने पाहायच्या असेही ठरले. बाईंनी ते तीस तास पुरवून पुरवून वापरले. पंधराव्या पुस्तिकेच्या सुमारास त्यांनी कळांचा तक्ता पडद्यावरून काढून टाकला आणि त्याची एक प्रत, पुढे येणाऱ्यासाठी, फायलीत लावून ठेवली.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांविषयीही आम्ही एक परिच्छेद लिहिला होता. त्याच माणसाला तीच अभ्यासपत्रिका निदान तीन वर्षे द्यावी, आणि पहिल्या वर्षी तयारीच्या तासांचा काही अंश मानधनात धरावा, असे त्यात होते. तो परिच्छेद अहवालातून वगळावा लागला. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये फक्त वस्तूंची नोंद होते, असे आम्हांला सांगण्यात आले, आणि ते नियमाला धरूनच होते. परिच्छेद आम्ही जपून ठेवला आहे. येत्या वर्षी साठा पडताळणीऐवजी आमची नेमणूक वेळापत्रक समितीवर आहे; तेथे निदान माणसांची नावे असलेला तक्ता तरी असतो.